सिम्युलेशन रखडतंय? आधी सर्किटमधली शून्यं शोधा

चार्जर आणि एलईडी ड्रायव्हर बनवणाऱ्या भोसरीतल्या एका लहान युनिटमध्ये सर्किटं स्पाइसमध्ये, म्हणजे संगणकावरच सर्किट चालवून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवून बघणं हे माझं रोजचं काम. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी लॅपटॉप उघडाच उचलून माझ्या टेबलाशी येतं आणि म्हणतं, "मॅडम, परत अडकलं." कारणं फिरून फिरून तीच पाच-सहा निघतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

हे एलटीस्पाइस आणि एनजीस्पाइस या स्पाइसच्या दोन अवतारांना धरून आहे. कॉलेजात आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम वापरत असाल, तर त्याच्या पोटातही एनजीस्पाइसच चालतं. त्यामुळे एरर याच भाषेत दिसतील.

लक्षणं

सगळे "अडकलं" असंच म्हणतात, पण अडकण्याचे प्रकार वेगळे आहेत. आपला कोणता, ते आधी ठरवा.

- रन सुरूच होत नाही. ऑपरेटिंग पॉइंट, म्हणजे सर्किटची सुरुवातीची स्थिर डीसी अवस्था, सापडत नाही. लॉगमध्ये आधी डायरेक्ट न्यूटन फसल्याची ओळ, मग जीमिन स्टेपिंग, मग सोर्स स्टेपिंग, असं एकेक दार ठोठावणं चालू असतं.
- "सिंग्युलर मॅट्रिक्स" किंवा "नोड फ्लोटिंग" असं काहीतरी येऊन रन तिथेच संपतो.
- मस्त चालू असतं आणि मध्येच "टाइमस्टेप टू स्मॉल" म्हणून मरतं.
- मरत नाही, पण रेंगाळतं. खालच्या पट्टीवर वेग मायक्रोसेकंद प्रति सेकंद दिसत असतो, तो नॅनोवर येतो, मग पिकोवर. पंखा मात्र जोरात.
- रन पूर्ण होतो, पण करंटची रेषा करवतीच्या दात्यांसारखी दिसते, प्रत्येक स्टेपला वर-खाली.

सहावा प्रकार खरं तर दुखणंच नाही, पण माझ्याकडे येणाऱ्यांत तो बराच असतो. काम मुळातच प्रचंड असतं. ६५ किलोहर्ट्झचा फ्लायबॅक (ट्रान्सफॉर्मरवर चालणारा स्विचिंग पॉवर सप्लाय) आहे आणि २०० मिलिसेकंदांचा स्टार्टअप बघायचाय, म्हणजे १३ हजार सायकल. एका सायकलला ५०० स्टेप धरल्या तरी ६५ लाख स्टेप झाल्या. इथे वेग कमी असला तरी स्थिर असतो, आणि हीच ओळखायची खूण. वेग स्थिर असेल तर कन्व्हर्जन्सला, म्हणजे गणित उत्तरावर जुळण्याला, दोष देऊ नका. घसरत चालला असेल तर पुढे वाचा.

आत नेमकं काय होतं

एवढं कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

स्पाइस उत्तर थेट काढत नाही, अंदाज करत जातं. प्रत्येक नोडच्या (तारा जुळतात त्या बिंदूच्या) व्होल्टेजचा एक अंदाज घ्यायचा, त्या जागी वक्राचा उतार काढायचा, त्या उताराने पुढचा अंदाज करायचा. धुक्यात सिंहगड उतरताना पुढची वाट दिसत नाही, पायाखालचा उतार तेवढा कळतो, तसंच. उतार हळूहळू बदलत असेल तर माणूस बरोबर खाली पोचतो. कडा आला की संपलं, कारण कड्यावर उतारच नसतो.

डायोड हा अर्धा कडाच आहे. साधारण ६० मिलिव्होल्ट वाढले की करंट दहापट होतो. अंदाज अर्ध्या व्होल्टने चुकला तर करंटचा आकडा कोट्यवधी पटींनी चुकतो. म्हणून स्पाइसच्या आत अशा उड्यांना लगाम घातलेला असतो. साध्या डायोडवर तो पुरतो, पण आपणच सर्किटमध्ये उभे कडे काढून ठेवले तर तो तरी काय करणार.

ट्रान्झियंटमध्ये, म्हणजे वेळेनुसार सर्किट चालवताना, एका स्टेपला ठरलेल्या फेऱ्यांत उत्तर जमलं नाही, तर स्टेप लहान करून पुन्हा प्रयत्न होतो. बर्कलीच्या मूळ कोडात, आणि त्यावरून आलेल्या एनजीस्पाइसमध्ये, स्टेपला सरळ आठाने भागतात. दहा वेळा भागलं की स्टेप शंभर कोटींपेक्षा जास्त पटींनी लहान होते. पट्टीवरचा वेग धाडकन पडतो तो यामुळे. कल्पना अशी की वेळ पुरेशी बारीक चिरली की कुठलाही बदल सौम्य दिसेल. पण बदलाला शून्य वेळ लागत असेल, तर कितीही चिरा, तो सौम्य होणार नाही.

एकदा हे पटलं की शोधायचं काय ते ठरतं. शून्य रोध, शून्य कपॅसिटन्स, शून्य राइझ टाइम. खऱ्या बोर्डावर यातलं काहीच नसतं, कागदावर मात्र सर्रास असतं.

१. लॉग वाचा (फुकट, दोन मिनिटं)

हसू नका. लॅपटॉप घेऊन आलेल्यांपैकी बहुतेकांनी लॉग उघडलेला नसतो. एनजीस्पाइस "टाइमस्टेप टू स्मॉल" म्हणताना वेळ सांगतं, स्टेप सांगतं, आणि बहुतेकदा पुढे "ट्रबल विथ" लिहून नोडचं किंवा डायोडचं नावही देतं. एलटीस्पाइसमध्ये कंट्रोल आणि एल दाबलं की लॉग समोर येतो. नोडला नाव दिलेलं नसेल तर "एन शून्य शून्य सात" असलं काहीतरी दिसेल आणि तो कुठला हे शोधत बसावं लागेल. म्हणून माझ्याकडे नियम आहे: ड्रेन, क्लॅम्प, व्हीसीसी, फीडबॅक या नोडना नावं दिल्याशिवाय रन मारायचा नाही.

दोषी नोड दरवेळी तोच असेल असं नाही. पण चोर बहुतेक त्याच गल्लीत असतो.

२. एककं (फुकट, पाच मिनिटं)

स्पाइसला लहान-मोठी अक्षरं एकच. "एम" म्हणजे मिली, मग तो कॅपिटल लिहा नाहीतर लहान. मेगसाठी "मेग" असंच लिहावं लागतं. स्टार्टअपचा एक मेगओहमचा रोध "१ एम" लिहिला, तर तो एक मिलिओहम होतो, आणि ३२५ व्होल्टच्या डीसी बसवर (मेन्स रेक्टिफाय करून मिळणाऱ्या लाइनवर) तीन लाख पंचवीस हजार ॲम्पिअर वाहायला निघतात. सिम्युलेटर बिचारा तेही सोडवून बघतो.

कपॅसिटरचं याहून गमतीदार. सुपरकपॅसिटर म्हणून "१ एफ" लिहिलं की एक फॅरड मिळत नाही, एक फेम्टोफॅरड मिळतो. फॅरड लिहायचा असेल तर नुसता आकडा लिहा.

३. ट्रान कमांडच बघा

ट्रान, म्हणजे ट्रान्झियंट रन किती वेळाचा ते सांगणारी ओळ, कुणाच्या तरी जुन्या फाइलवरून कॉपी केलेली असते आणि तिच्यात कमाल टाइमस्टेप एक नॅनोसेकंद लिहिलेला असतो. २०० मिलिसेकंदांच्या रनला त्याचा अर्थ किमान २० कोटी स्टेप. तो आकडा काढून टाका किंवा स्विचिंग पिरियडच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवा.

त्याचबरोबर लागतील तेवढेच नोड सेव्ह करा. रिझल्टची फाइल क्लाउडशी आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये जात असेल तर ती तिथून हलवा. काही गीगाबाइटची फाइल लिहिता लिहिता वर चढवली जात असते आणि आपण गणिताला शिव्या देत बसतो.

४. ग्राउंड आणि तरंगते नोड

ऑपरेटिंग पॉइंट काढताना प्रत्येक कपॅसिटर म्हणजे उघडी तार आणि प्रत्येक इंडक्टर म्हणजे शॉर्ट. या नजरेने सर्किटकडे बघा. प्रत्येक नोडपासून ग्राउंडपर्यंत डीसीला वाट आहे का? नसेल तर त्या नोडचं व्होल्टेज काहीही असू शकतं, समीकरणात त्याचं उत्तरच नाही. "सिंग्युलर मॅट्रिक्स" म्हणजे एवढंच.

फ्लायबॅकमध्ये हे हमखास होतं. सेकंडरी (ट्रान्सफॉर्मरची आउटपुटकडची बाजू) अलग असते, तिचं स्वतःचं ग्राउंड चिन्ह वेगळं काढलेलं असतं, आणि दोन्ही बाजूंत डीसी वाट काहीच नसते. आमच्याकडचा नवा मुलगा यावर माझ्याशी पाच मिनिटं वाद घालत होता: "मॅडम, वाय कपॅसिटर लावलाय की!" लावलाय, बरोबरच आहे, दोन्ही बाजूंना तो जोडतोही, पण डीसीला तो उघडा. दोन्ही ग्राउंडच्या मध्ये एक गिगाओहम टाकला आणि रन सुरू झाला. एवढ्या रोधाने आयसोलेशनच्या निकालात फरक पडत नाही.

याचा उलटा प्रकार म्हणजे लूप. दोन आदर्श व्होल्टेज सोर्स समांतर, किंवा सोर्सच्या दोन टोकांना थेट इंडक्टर. डीसीला तो शॉर्ट, करंटला मर्यादाच नाही. एलटीस्पाइस इंडक्टरला मुळातच एक मिलिओहमचा सिरीज रोध देतं, त्यामुळे तिथे हे झाकून जातं. तीच फाइल एनजीस्पाइसवर नेली की उघडं पडतं. वाइंडिंगचा खरा रोध मल्टिमीटरने मोजा आणि तो लिहा.

५. शून्यांची शोधाशोध

इथे वेळ घाला. माझ्याकडची दहातली सात-आठ प्रकरणं याच पायरीवर सुटतात.

मागच्या महिन्यातलं एक उदाहरण. ६० वॅटचा, २४ व्होल्टचा फ्लायबॅक. सकाळी साडेनऊला लावलेला रन जेवणाच्या सुट्टीनंतरही ३.१८ मिलिसेकंदांवर उभा. वेग पिकोसेकंदात. लॉगमध्ये क्लॅम्पच्या, म्हणजे मॉसफेटवरचं जादा व्होल्टेज अडवणाऱ्या भागाच्या, नोडचं नाव. मी स्कीमॅटिकमध्ये क्लॅम्पच्या डायोडवर माउस नेला. त्याच्याखाली मॉडेलचं नाव नुसतं "डी". म्हणजे पॅलेटमधून उचलला आणि तसाच ठेवला.

हा नुसता "डी" म्हणजे काय? त्याच्यात सॅच्युरेशन करंट आहे, पण जंक्शन कपॅसिटन्स शून्य, सिरीज रोध शून्य, ट्रान्झिट टाइम शून्य. आता मॉसफेट बंद झाल्यावर काय होतं बघा. लीकेज इंडक्टन्समधला (ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंत न जुळलेल्या इंडक्टन्समधला) करंट क्लॅम्पमधून वाहतो, कमी होत होत शून्याला येतो, डायोड बंद होतो. त्या क्षणी डायोडपाशी नोडचं व्होल्टेज धरून ठेवायला काहीच नसतं. एका बाजूला इंडक्टर, दुसऱ्या बाजूला उघडी तार. मॉसफेटचं मॉडेलही त्याने आदर्श स्विच घेतलेलं, म्हणजे ड्रेनलाही कपॅसिटन्स नाही. व्होल्टेजने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी शून्य वेळात उडी मारायची. सिम्युलेटर वेळ चिरत बसला होता तो याच जागी.

डायोडला २० पिकोफॅरड जंक्शन कपॅसिटन्स आणि ०.१ ओहम सिरीज रोध दिला. स्विचच्या दोन टोकांत १०० पिकोफॅरड टाकले. चहा येईपर्यंत ४० मिलिसेकंद पूर्ण झाले होते. पोराला वाटलं मी काहीतरी ट्रिक केली. मी फक्त डेटाशीटमध्ये आधीच असलेले आकडे लिहिले होते.

तर या जागा एकेक करून तपासा:

डायोडला कपॅसिटन्स आणि सिरीज रोध आहे का. शक्यतो खऱ्या पार्ट नंबरचं मॉडेल घ्या.

पल्स सोर्सचे राइझ आणि फॉल टाइम. शून्य लिहिलं की प्रत्येक सिम्युलेटर आपल्या मनाने काहीतरी धरतो, आणि दोघांचं "काहीतरी" सारखं नसतं. गेट ड्राइव्हला २० ते ५० नॅनोसेकंद लिहा, खऱ्यातही तेवढेच लागतात.

ट्रान्सफॉर्मरचं कपलिंग बरोबर १ आहे का. असेल तर लीकेज शून्य, आणि खरा ट्रान्सफॉर्मर तसा नसतो. ०.९८ किंवा ०.९९ टाका, किंवा सेकंडरी शॉर्ट करून लीकेज मोजा आणि त्यावरून आकडा काढा. मात्र लीकेज आल्यावर स्नबर (व्होल्टेजची उसळी शोषणारं सर्किट) किंवा क्लॅम्पही हवाच, नाहीतर आधीपेक्षा वाईट होईल. बोर्डावर स्नबर नसता तर मॉसफेट उडाला असता. सिम्युलेटर तेच सांगत असतो, त्याच्या भाषेत.

आउटपुट कपॅसिटरचा ईएसआर, म्हणजे त्याचा आतला सिरीज रोध. शून्य नको, काही मिलिओहम द्या.

स्विचचा ऑन रोध एक मिलिओहम आणि ऑफ रोध दहाचा बारावा घात असं लिहिलेलं दिसतं. दोघांत पंधरा शून्यांचं अंतर आहे. संगणकाच्या डबल प्रिसिजनमध्ये आकड्याला पंधरा-सोळा अंकच मिळतात, सगळे इथेच खर्च झाले. ऑफ रोध १० मेगओहम ठेवला तरी भागतं. एलटीस्पाइसमध्ये स्विचचा हिस्टेरिसिस ऋण लिहिला की तो ऑन-ऑफमध्ये उडी न मारता सलग सरकतो. फार उपयोगी सोय आहे, आणि फार कमी जणांना माहीत असते.

६. समीकरणं लिहिलेले सोर्स

बी सोर्समध्ये "इफ" घातलात की तुम्ही स्वतःच्या हाताने कडा काढलात. त्याच्या जागी हायपरबॉलिक टॅन्जंट वापरा. तोच निर्णय होतो, पण कडेला उतार राहतो.

भागाकार त्याहून फसवा. स्थिर ६० वॅटचा लोड दाखवायला "६० भागिले व्होल्टेज" लिहितात. स्टार्टअपला व्होल्टेज शून्य असतं, करंट अनंत. मी ६० गुणिले व्ही, भागिले व्हीचा वर्ग अधिक एक, असं लिहिते. २४ व्होल्टला हा २.४९६ ॲम्पिअर देतो, खरं उत्तर २.५, आणि शून्य व्होल्टला करंटही शून्य. काम झालं.

७. सुरुवात कशी करताय

ऑपरेटिंग पॉइंटच सापडत नसेल तर सप्लाय एकदम ३२५ व्होल्टवर ठेवू नका, शून्यापासून काही मायक्रोसेकंदांत वर चढवा. एलटीस्पाइसमध्ये "स्टार्टअप" लिहिलं की ते पहिल्या २० मायक्रोसेकंदांत सोर्स आपोआप चालू करतं. आउटपुट कपॅसिटरला आयसी (इनिशियल कंडिशन, सुरुवातीचं व्होल्टेज) देऊन २३ व्होल्टपासून सुरू केलं, तर हजारो सायकलही वाचतात.

"यूआयसी" मात्र जपून. तो लावला की ऑपरेटिंग पॉइंट काढलाच जात नाही, आणि जे तुम्ही सांगितलं नाही ते शून्य धरलं जातं. एका नोडवर २३ व्होल्ट आणि त्याच्याच फीडबॅक कपॅसिटरवर शून्य, अशी न जुळणारी सुरुवात होते, आणि पहिल्याच स्टेपला धक्का बसतो.

८. अर्धं सर्किट तोडा

इथपर्यंत सुटलं नसेल तर कंट्रोलर आयसीचं मॉडेल काढा आणि गेटला साधा पल्स सोर्स लावा. पॉवर स्टेज एकटी चालली तर दोष कंट्रोलच्या बाजूला. नाही चालली तर सेकंडरी काढून तिथे रोध लावा. असं निम्मं-निम्मं करत जा. कंटाळवाणं आहे, अर्धा-पाऊण तास जातो, पण ऑप्शन्स चिवडत बसण्यात दिवस जातो.

९. ऑप्शन्स, आणि तेही याच क्रमाने

बहुतेक लोक पहिल्यांदा इथे येतात. मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. पाचव्या पायरीवरचं शून्य ऑप्शनने जात नाही, फक्त झाकलं जातं.

डीफॉल्ट मूल्यं कुठून आली हे कळलं तर कुठली हलवायची तेही कळतं. स्पाइस बर्कलीतलं. लॅरी नेगेल आणि त्यांचे मार्गदर्शक डोनाल्ड पेडरसन यांनी १९७३ मध्ये ते मांडलं. नावातच "इंटिग्रेटेड सर्किट एम्फसिस" आहे. म्हणजे चिपच्या आतल्या बारक्या ट्रान्झिस्टरसाठी बेतलेलं. करंटची सूट, म्हणजे ॲबस्टॉल, मुळात एक पिकोॲम्पिअर. आपल्या सर्किटात दोन-अडीच ॲम्पिअर वाहतात आणि बंद पडलेल्या डायोडमधला करंट पिकोॲम्पिअरपर्यंत जुळावा म्हणून सिम्युलेटर फेऱ्या मारत राहतो. सोनाराच्या काट्यावर उसाची ट्रॉली तोलण्यातला प्रकार.

म्हणून पॉवर सर्किटात ॲबस्टॉल एक नॅनोॲम्पिअर करायला हरकत नाही. इथे काही गमवावं लागत नाही.

मग सीशंट. प्रत्येक नोडवरून ग्राउंडला बारीकसा कपॅसिटर लावला जातो. ०.१ पिकोफॅरडपासून सुरू करा. खऱ्या बोर्डावर ट्रॅकचे याहून जास्त भरकट पिकोफॅरड असतातच, त्यामुळे हे काही खोटं नाही.

जीमिन हा प्रत्येक जंक्शनला समांतर असलेला बारीक कंडक्टन्स. मुळात दहाचा उणे बारावा घात सीमेन्स असतो, तो शंभरपट केला तर १० गिगाओहम होतो. ३२५ व्होल्टला ३२ नॅनोॲम्पिअरच्या आसपास गळती. फ्लायबॅकला काहीच नाही. पण फोटोडायोडचा ॲम्प्लिफायर करत असाल तर तुमचा सिग्नलच त्याच्यात बुडेल, हात लावू नका.

करवतीच्या दात्यांसाठी मेथड गिअर. ट्रॅपिझॉइडल पद्धत एका स्टेपला वर, एकाला खाली अशी डुलत राहू शकते, गिअर ते डुलणं दाबते. फक्त ती खरं रिंगिंगही थोडं खाते. ऑसिलेटर असेल किंवा स्नबरचं रिंगिंग मोजायचं असेल, तर गिअरवर मिळालेला आकडा डीफॉल्टवर पुन्हा तपासल्याशिवाय धरू नका.

एलटीस्पाइसमध्ये अल्टरनेट सॉल्व्हर आहे. वेग जवळपास निम्मा होतो, पण आतली अचूकता सुमारे हजारपट वाढते. राउंडिंगच्या चुकीने अडलेला रन त्यावर निघतो. एकदा लावून बघण्यात काही जात नाही.

सगळ्यात शेवटी रेलटॉल, म्हणजे टक्केवारीतली सूट. मुळात ०.००१ असतो, लोक सरळ ०.०१ करतात. २४ व्होल्टच्या आउटपुटवर एक टक्का म्हणजे २४० मिलिव्होल्ट. दोन फेऱ्यांत एवढा फरक असला तरी सिम्युलेटर "जमलं" म्हणून पुढे जाऊ शकतो. आणि आपण त्याच रेषेवर १०० मिलिव्होल्टचा रिपल मोजायला बसलेलो असतो! उलट कधी कधी रेलटॉल ०.०००१ केल्यावर रन पळतो, कारण आधीच्या स्टेपची ढिसाळ उत्तरं पुढच्या स्टेपला अडवत नाहीत. ढिला करण्याआधी एकदा आवळून बघा.

केव्हा थांबायचं

माझी मर्यादा अर्ध्या दिवसाची. त्यानंतर पुढच्या गोष्टींपैकी एक जरी लागू असेल तर स्वतः खटपट थांबवते.

उत्पादकाचं कुलूपबंद मॉडेल त्याच्याच डेटाशीटमधल्या सर्किटात, एकटं, चालत नसेल तर आपल्या हातात काही नाही. आत बघताच येत नाही. उत्पादकाच्या ॲप्लिकेशन इंजिनिअरला लिहा. त्याआधी एक गोष्ट तपासा: मॉडेल दुसऱ्या सिम्युलेटरच्या बोलीत लिहिलेलं आहे का. एनजीस्पाइसला पीस्पाइसची बोली समजून घेण्याची सेटिंग आहे, ती लावल्यावर बरीच मॉडेलं चालतात.

चिप डिझाइन करत असाल आणि फाउंड्रीचं मॉडेल कन्व्हर्ज होत नसेल, तर मॉडेल कार्डमधला एकही आकडा स्वतः बदलू नका. कॅड सपोर्टकडे जा. ते आकडे सिलिकॉनवरच्या मोजमापातून आलेले असतात. तुमचा रन सुटेल आणि चिप वेगळी वागेल.

रेलटॉल दहापट आवळल्यावर उत्तर लक्षणीय बदलत असेल, तर तो निकाल डिझाइनसाठी वापरू नका, त्यावरून ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला तर मुळीच देऊ नका. फीडबॅक लूपच्या स्टेबिलिटीसाठी ॲव्हरेज्ड (प्रत्येक सायकलची सरासरी धरणारं) मॉडेल लागतं. ते बनवण्याचा अनुभव नसेल तर पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाकडून एकदा बनवून घ्या. दोन-तीन दिवसांचं काम आहे आणि पुढच्या सगळ्या बोर्डांना पुरतं.

आणि सिम्युलेशन सुटत नाही म्हणून वैतागून थेट मेन्सवर बोर्ड लावून बघायचा विचार असेल, तर तिथे नक्की थांबा. बल्क कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, डिफरन्शियल प्रोब आणि हे काम आधी केलेला माणूस, तिन्ही शेजारी असल्याशिवाय नको.

कुणाकडे मदत मागायला जाल तेव्हा स्क्रीनचा फोटो पाठवू नका. नेटलिस्ट (सर्किटची मजकूर फाइल), पूर्ण लॉग, वापरलेल्या सगळ्या मॉडेल फाइली, सिम्युलेटरची आवृत्ती, आणि कुठले ऑप्शन्स बदलले त्यांची यादी एका फोल्डरमध्ये द्या. सर्किट दोष दिसेल एवढंच ठेवा, बाकी छाटा. आमच्याकडे निम्म्या वेळा हे छाटता छाटताच नुसता "डी" सापडतो.